उंच काठी सावकाश पडते

अजून माझं काळीज ठिकाणावर नाही.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवते. आवाज मोठा, डोकं गरम, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. फळ्यावर पेंडुलम काढला की फर्स्ट इयरची निम्मी पोरं झोपतात. म्हणून यंदा ठणकावून सांगितलं, "आता फिजिक्स कम्प्युटरवर. घरादारात जे हलतं, पडतं, फिरतं ते कोडमध्ये उतरवा. नेटवरचं उचललंत तर गाठ माझ्याशी आहे."

प्रभुनं काठी उतरवली. मंद्रूपच्या पुढं, कानडी मुलखाच्या कडेला त्याचं गाव. यात्रेत देवाची काठी कमरेच्या चामडी पट्ट्यात रोवून एकट्यानं उभी न्यायची, हा त्यांच्या घराचा मान. काठी जमिनीला टेकली की मान दुसऱ्या घरात जातो. वडिलांचा, नागप्पांचा, एक खांदा निकामी झालेला, म्हणून यंदा पहिल्यांदाच प्रभु नेणार होता. पोरगं पार धास्तावलं होतं.

स्क्रीनवर त्यानं काठीची लांबी वाढवली, तर ती सावकाश कलायला लागली. सावरायला वेळ मिळायला लागला. "मॅडम, हे उलटंच की! उंच काठी सोपी?"

"अरे बाबा, बोटावर खडू उभा राहतो का? आणि झाडू?" मी म्हणाले. "गणित बरोबर आहे तुझं. शाब्बास!" वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीपण फुगले, खोटं कशाला बोलू?

त्या शाब्बासकीवर त्यानं घरी जाऊन काठी उंच करायला तिला वरून लोखंडी पाइप जोडला, हे मला यात्रेत पोचल्यावर कळलं. नागप्पांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. "तुमच्या कम्प्युटरनं पोराची भीती घालवली बगा, मॅडम," ते म्हणाले. "लई उपकार झाले." मला अगदी लाजल्यासारखं झालं.

हलग्या कडाडल्या आणि प्रभु निघाला. काय चालला पोरगा! नजर वर काठीच्या टोकावरच्या कळसावर, पाय अंदाजानं. काठी डुलायची आणि तो आरामात सावरायचा. मी शेजारच्या बाईला सांगत सुटले, "माझा विद्यार्थी हं!"

आणि वेशीजवळच्या वळणावर मला तार दिसली. विजेची. जुनी काठी दरवर्षी तिच्याखालून जायची, म्हणून तिकडं कुणी बघतच नव्हतं. प्रभुला कळसापलीकडं काही दिसत नव्हतं. काठी सकाळीच देवाच्या पाण्यानं न्हाऊ घातलेली, ओलीचिंब.

"थांब! प्रभु, थांब रे मेल्या!" मी बोंबलले. हलग्यांपुढं कुणाला ऐकू जाणार! आणि पट्ट्यात रोवलेली काठी अशी पटकन टाकूनही देता येत नाही.

"बिडो, प्रभु! बिडो!" नागप्पा कानडीत ओरडले. सोड, सोड म्हणत धावले. एकच धड खांदा, तो त्यांनी काठीवर असा घातला की काठीसकट बापलेक दोघंही रस्त्यावर कोसळले. माणसं सैरावैरा पळाली. कळस तारेपासून हातभरावरून गेला आणि डांबरावर आपटला.

हलग्या बंद पडल्या. लांबी, वजन, कोन, सगळं होतं त्या कोडमध्ये. तार नव्हती. अरे देवा, तार कशी सुचली नाही एकालाही? मला कशी नाही सुचली?

पुजारी पुढं आले. "नागप्पा," ते म्हणाले, "काठी टेकली."

नागप्पांनी मान वर केली नाही. ते प्रभुचे पंजे उलटसुलट करून बघत होते. "बोटं हालीव की रं," म्हणत होते. "ह्या हाताची. आता त्या हाताची."