गरजेचे गुण

विकास कार्यालयात अकरा वर्षं कारकुनी करताना बाईंनी एकच पाहिलं होतं: ज्याचा वशिला, त्याचं गटार. निधी गरजेप्रमाणे वाटा, असा त्यांनी साहेबांमागे लकडाच लावला होता. शेवटी नियम बदलला. पाहणी करायची, प्रत्येक गल्लीला शंभरपैकी गरजेचे गुण द्यायचे, चाळीसच्या वर गेली तर काम मंजूर. तक्ता बाईंनीच आखला.

पहिल्या यादीत बाईंच्या मावशीच्या गल्लीला गुण होते एकोणीस! दर पावसात तिथे गटाराचं पाणी स्वयंपाकघरात शिरतं. रुंद रस्त्याच्या वसाहतीला मात्र बासष्ट. तिथल्यांनी म्हणे पाहणीच्या दिवशी बादल्या ओतून अंगणात डबकी केली होती.

बाई तणतणत मावशीकडे गेल्या.

"पाहणीवाल्यांना तुम्ही सगळ्यांनी काय सांगितलंत?"

"काय सांगणार? परकी माणसं येणार म्हणून सगळ्यांनी गल्ली झाडली, भिंतीच्या ओलीवर चुना फासला, गटारावर फळ्या टाकल्या."

"आणि पाणी घरात येतं का, असं विचारलं तेव्हा?"

"म्हटलं, येतं कधीमधी. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही!"

"ती आई असते. हे कोण माझे?"

बाईंनी कपाळावर हात मारला. राग नक्की कोणाचा आला होता, तेही त्यांना कळेना. फेरपाहणीची संधी एकदाच मिळत होती. त्यांनी अर्ज लिहिला, घरोघर विनवण्या करून सह्या घेतल्या आणि बजावलं, "या वेळी काही आवरू नका."

पाहणीच्या सकाळी बाई पोचल्या, तर गल्ली पुन्हा लख्ख! त्यांचा तोल सुटला. पदर खोचून त्यांनी एकेक फळी उचलून फेकली, मावशीच्या स्वयंपाकघरातलं भिंतीला टेकवलेलं कपाट ओढलं. मागे कमरेइतकी काळी बुरशी होती. पाहणीवाला नाकाला रुमाल लावून आत आला आणि दारांतून अख्खी गल्ली बघत राहिली. मावशी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती.

एकाहत्तर गुण मिळाले. काम मंजूर झालं.

बाई पत्र घेऊन धावतच गेल्या. मावशीने ते उंबऱ्यातच वाचलं आणि नीट घडी घातली.

"गल्लीचं भलं केलंस," ती म्हणाली. "पण आता थोडे दिवस इकडे येऊ नकोस."