शाहिरांच्या पानावरचं एक वाक्य

मंदाकिनीबाईंनी ते वाक्य तिसऱ्यांदा खोडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि 'बदल जतन करा'वर बोट दाबलं. बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, 'मजकूर निराधार आहे. कळावे.'

वाक्य होतं, 'शाहीर बापूराव ओव्हाळ यांचे अखेरचे दिवस अन्नान्न दशेत गेले.' ज्या मुक्त ज्ञानकोशात कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, तिथं शाहिरांवर पान झालं, याचा आनंद बाईंना जेमतेम एक दिवस पुरला. अन्नान्न दशा! अहो, ज्या नवऱ्याच्या ताटात एक्केचाळीस वर्षं कधी गार भाकरी पडली नाही, त्याची अन्नान्न दशा? गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर शेजारच्या यमुनाबाईंनी हळूच विचारलं होतं, "बाई, शाहिरांचे इतके हाल झाले होते?" तेव्हापासून मंदाकिनीबाईंना घास गोड लागत नव्हता.

महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं पोरं वळणावर आणलेली बाई ती. अशी सहज हार मानणार थोडीच! आधी त्यांनी 'पुणेकर वाचक' नावाचं खातं काढलं. खोडलेलं वाक्य कुणीतरी परत आणून ठेवलं. मग 'हडपसर ५२' काढलं. तेही चाललं नाही, तेव्हा तिसरं काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'तटस्थ'.

पाच मिनिटांत वाक्य पुन्हा जागेवर आलं. या वेळी सोबत निरोपही होता.

'नमस्कार. ही तिन्ही खाती एकाच व्यक्तीची दिसतात, कारण तिन्हींच्या शेवटी "कळावे" असतं. आपला शाहिरांशी काही संबंध आहे का? असल्यास सदस्यपानावर तसं जाहीर करा. नातेवाइकांनी लेख स्वतः बदलू नये, विनंती करावी. आम्ही संपादक रविवारी सकाळी वाचनालयात जमतो. अवश्य या. आमोद.'

"मेल्यानं 'कळावे'वरून पकडलं!" बाई एकट्याच पुटपुटल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. घाईघाईनं त्यांनी उत्तर धाडलं, 'काहीही संबंध नाही.' आणि मग भिंतीवरच्या फोटोकडे त्यांना बघवेना. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याशी भांडणं पुष्कळ केली होती, पण त्याला परका कधी म्हटलं नव्हतं.

रविवारी त्या बस पकडून वाचनालयात पोचल्या. लांब टेबलाभोवती पाचसहा जण लॅपटॉप उघडून बसले होते. आमोद कोण ते विचारून बाई थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिशीतला, दाढीवाला, डोळ्यांनी गरीब.

"तटस्थ म्हणून लिहीत होते, ती मी. शाहिरांची बायको."

तो हसला नाही. उठून त्यानं खुर्ची ओढून दिली.

"बसा, काकू. बाकीची दोन खाती बंद करू. राहील त्याच्यावर खरं नाव लिहा. मग भांडा माझ्याशी हवं तेवढं."

बाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी मंदाकिनी ओव्हाळ. शाहीर बापूराव ओव्हाळ यांची पत्नी.' छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं त्यांना.

"आता तुमची विनंती सांगा."

"ते वाक्य खोटं आहे. काढून टाका."

"पण त्याला वर्तमानपत्राचा संदर्भ आहे, काकू. तुम्ही वाचलंय हे कात्रण?"

वाचलं कुठं होतं! बातमी आली तेव्हा बाई सोनालीच्या, म्हणजे लेकीच्या, बाळंतपणाला चार महिने नागपूरला होत्या. परत आल्या तर कुणीतरी कात्रण हातात ठेवलं. मथळा होता, 'शाहिरावर उपासमारीची वेळ'. पुढचं न वाचताच त्यांनी ते टराटरा फाडलं होतं. "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीत," असं तोंडाला येईल ते बोलल्या होत्या. शाहीर मान खाली घालून बसून राहिले. वर्षभरानं ते गेले, आणि तो विषय तसाच राहून गेला.

आमोदनं कात्रण पडद्यावर मोठं केलं. बाईंनी चष्मा पुसला.

बातमीच्या तळाशी शाहिरांचं बोलणं छापलं होतं. 'पैशाचे हाल नाहीत हो. आमची मंडळी लेकीकडे गेल्यात. शेजारून डबा येतो, पण घास उतरत नाही. नवी चाल सुचली की पहिल्यांदा तिलाच ऐकवायची सवय. आता भिंतीला ऐकवतो.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, ओळीखाली बोट ठेवून. घरात हा माणूस 'मीठ कमी आहे' याच्यापुढं कधी गेला नव्हता. आणि हे सांगितलं कुणाला, तर एका अनोळखी बातमीदाराला! त्यांना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. पदर तोंडाला लावून त्या बसून राहिल्या.

आमोदनं बातमी स्वतःही तळापर्यंत वाचली.

"लेख लिहिणाऱ्यानं मथळ्यापुढं वाचलेलंच नाही. मीही नुसताच वाक्य परत आणत राहिलो, माफ करा. वाक्य काढतो. त्याच्याबरोबर हा संदर्भही जाईल."

"म्हणजे हे कात्रण?"

"पानावर दिसणार नाही मग."

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि पेपर तपासावा तशी पहिल्यापासून बातमी वाचायला घेतली.

"हे बघा. 'वाघोलीत जन्मलेले शाहीर' असं आहे इथं. तुमच्या पानावर जन्मगावाला संदर्भ आहे का?"

"नाही."

"मग तिथं लावा हे कात्रण."

आमोद घुटमळला.

"काकू, मथळा फार वाईट आहे. उघडणाऱ्याला आधी तोच दिसणार. लोक पुन्हा तेच बोलतील."

"बोलू देत."

त्यानं वाक्य काढलं, संदर्भ जन्मगावाला जोडला आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'जन्मस्थळास संदर्भ दिला.'

"अर्धंच लिहिलंत," बाई म्हणाल्या. "पुढं लिहा, बायकोच्या विनंतीवरून. तिचा यात हितसंबंध आहे."