चित्रातला ताठ दोर

आमच्या गावात चित्रांचं प्रदर्शन भरायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे चर्चच्या तळघरात सगळा गाव लोटला होता. गाव तरी केवढा, दोन बाकं भरली की संपला. ऑड्रा नावाची ही चित्रकार बाई उन्हाळाभर मोंटानाच्या आमच्या माळावर फिरून ओस पडलेली घरं रंगवत होती. सरकार फुकट जमीन देतंय म्हणून आमच्या आजोबांनी नॉर्वेहून येऊन बांधलेली, आणि दुष्काळाला, वाऱ्याला कंटाळून पोरांनी सोडून दिलेली घरं. लोक कॉफीचे कप घेऊन आपापलं घर शोधत होते. "आमचं छप्पर इतकं वाईट कधीच नव्हतं," असा म्हातारा हॅल्वर तिच्याशी वाद घालत होता. छप्पर कधीचंच उडून गेलंय, पण हॅल्वरला सांगणार कोण?

माझी थोरली बहीण बोर्गिल्ड मात्र एका चित्रापुढे खिळून उभी होती. ते आमचं घर होतं. फुटक्या खिडक्या, पिवळं गवत, आणि दाराच्या कडीपासून निघून चित्राच्या कडेबाहेर गेलेला एक ताठ दोर.

"हा दोर कुठून आणलात?" बोर्गिल्डनं विचारलं.

"तिथेच होता की," ऑड्रा म्हणाली. "मी पदरचं काही घालत नाही, बाई."

माझं डोकंच फिरलं. हिमवादळात आम्ही घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधतो. तो धरूनच जायचं, तो धरूनच यायचं. हात सुटला तर माणूस स्वतःच्या अंगणात हरवतो. शेवटचा माणूस आत आला की दोर लगेच सोडून घ्यायचा, नाहीतर तो गोठून कामातून जातो. अशाच एका वादळात वडिलांनी विचारलं, "सगळे आत आहेत ना?" बोर्गिल्ड तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, "हो, आर्ने वर झोपलाय." वडिलांनी दोर सोडून घेतला. आर्ने, आमचा धाकटा भाऊ, वासराला बघायला गोठ्यात गेला होता. बर्फ वितळल्यावर सापडला.

माझा जन्म त्यानंतरचा. मी त्याला पाहिलंही नाही, पण बालपण सगळं त्याच्या सुतकात गेलं. घरात मोठ्यानं हसायची चोरी. बोर्गिल्डनं लग्न केलं नाही. अजूनही झोपायच्या आधी ती पुटपुटते, "सगळे आत आहेत ना?" एकट्या बाईच्या घरात सगळे म्हणजे कोण? खरं सांगते, मला त्या पोराचा रागच यायचा.

"मला तिकडे घेऊन चल," बोर्गिल्ड म्हणाली.

"काहीतरीच काय? कुणा गुराख्यानं बांधला असेल."

"चल म्हणते ना, सॉल्विग."

पिकअप काढली. लख्ख ऊन होतं, वारा अजिबात नव्हता. आमच्या माळावर वारा नसणं हेच मुळात मला आवडलं नाही.

दोर खरंच होता. कडीला वडील मारायचे तशी दुहेरी गाठ. तिथून तो गवतावरून कमरेइतक्या उंचीनं गोठ्याच्या जागेकडे गेला होता. गोठा केव्हाच पाडलाय. दोराचं दुसरं टोक नुसतं हवेत होतं, तरी खाली पडत नव्हतं. मी हात लावला, तर भर उन्हात दोर गोठलेला. बोटं चिकटली.

"चल इथून," मी म्हणाले.

बोर्गिल्डनं दोन्ही हातांनी दोर धरला. "आर्ने, मला वाटलं तू झोपलायस. जिन्याखालून पांघरूण फुगलेलं दिसलं, पण आत उशी होती रे. वर जाऊन नीट बघायला हवं होतं मी. थंडी वाजत होती, म्हणून नाही गेले."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

दोर हलला. जरा ढिला पडला, मग आणखी थोडा. पलीकडचं टोक आमच्याकडे येत होतं आणि त्याच्याखालचं गवत दबत होतं. मी पळालेच असते, पण बोर्गिल्डनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. पायरीपाशी गार हवा आली आणि दोर आमच्या पायाशी पडला. ज्यांनी मुरंब्याची बरणीही उघडत नाही, त्या वाकड्या बोटांनी बोर्गिल्डनं गाठ सोडली. मग ती रडली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला धरून पिकअपपाशी आणली, दार उघडलं. ती चढली आणि सरकून मधे बसली. खिडकीकडची जागा रिकामी.

"मधे कशाला कोंबून घेतेस?" मी म्हणाले. "नीट बस ना."

"दार लगेच लावू नकोस," ती म्हणाली. "लहान आहे तो, चढायला वेळ लागतो."

दार धरून उभी राहिले. थोड्या वेळानं खिडकीकडची गादी जराशी दबली. मग मी दार अगदी हळू लावलं, त्याची बोटं चेमटू नयेत म्हणून.