बाजूच्या दाराने आलेली माणसं

मी एक जुनी लोखंडी फिरकी आहे. तळ्याकाठच्या हिरव्या उतारावर जाणाऱ्या वाटेत मला बसवलं होतं. माझा दांडा ढकलला की मी पाव वळण घेते, एक माणूस आत जातो आणि माझ्या माथ्यावरच्या काचेमागचा आकडा एकाने पुढे सरकतो. नगरपालिकेच्या कचेरीतले लोक मला फिरतं गेट म्हणत. फिरकी हे नाव मुलांनी ठेवलेलं. मित्रांनो, मी अजून त्याच जागी आहे. पण हल्ली समोर बघायची लाज वाटते.

मी नवी होते तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! हिरवा चकचकीत रंग, वंगण घातलेले सांधे. करंगळीने ढकललं तरी गर्रकन फिरायचे. मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी माझ्या दांड्यावर थाप मारली. "माणूस विसरेल, थाप मारेल. ही खोटं बोलायची नाही." ते वाक्य मी कितीतरी वर्षं दागिन्यासारखं मिरवलं.

आत यायला पैसे पडत नसत. मग मोजायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. मलाही ते उशिराच कळलं. बाजारातल्या वस्तूवर किंमत लिहिलेली असते, उतारावरच्या वाऱ्यावर नसते. म्हणून कचेरी बघते, की इथे किती माणसं येतात, किती लांबून येतात, येण्यासाठी आपला किती वेळ खर्च करतात. त्यावरून जागेचं मोल ठरतं आणि पुढे किती लोक येतील याचा अंदाज बांधला जातो. तो सगळा डोलारा माझ्या आकड्यावर उभा होता.

वर्षं गेली. वंगणाचा डबा कुणी आणेना. माझे सांधे गंजले, मी कुरकुरू लागले. रोज येणारी माणसंही माझ्याबरोबरच म्हातारी झाली. कुणाच्या हातात काठी आली, कुणाच्या पुढे नातवंडाची बाबागाडी. माझ्या शेजारी गवताच्या हातगाडीसाठी एक लहान दार होतं. ते कुलपात ठेवायचं, माणसांनी माझ्यातूनच जायचं, असा कचेरीचा हुकूम होता. पण राखणदारकाका मऊ मनाचे. ते सकाळ-संध्याकाळ गुपचूप कुलूप काढत.

"मालक, फाटक उघडा, बस आली!" अशी आरोळी आली की समजावं, ड्रायव्हरकाका आले. जन्मभर बस चालवलेला हा माणूस आता चाकांच्या खुर्चीत बसलेला असे. मागून शिवणकाम करणाऱ्या मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खुर्ची ढकलत.

"बस कसली, खटारा आहे," मावशी म्हणत. "आणि इंजिन मी!"

"इंजिन फार बोलतं हो," ड्रायव्हरकाका राखणदारकाकांना डोळा घालत.

आजारपणानंतर घरात ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पाणी दिसलं की मात्र बोलू लागत. मावशी म्हणायच्या, "हा उतार आहे म्हणून माझा माणूस आहे." हसत हसत ती दोघं बाजूच्या दाराने आत जात आणि माझा आकडा जागच्या जागी राही. खरं सांगू? मला बरंच वाटे. दुखऱ्या सांध्यांना तेवढाच आराम.

मग एका दुपारी कचेरीतून पाहणीवाल्या ताई आल्या. मुलगी मनाने चांगली, पण ती आली कचेरीच्या वेळेत, भर उन्हात. उतारावर चिटपाखरू नव्हतं. तिने माझी काच पुसून आकडा टिपला आणि विचारलं, "काका, आकडा दर वर्षी उतरतोय. लोक येत नाहीत का आता?"

राखणदारकाकांच्या खिशात त्या लहान दाराची किल्ली होती. त्यांनी खिशावर हात दाबला. "ही सांगते तेच खरं, ताई," ते माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

आणि मी मुकी! कचेरीत अंदाज निघाला, की काही वर्षांत या जागेकडे कुणी फिरकणार नाही. उतार सपाट करून गाड्यांचा तळ करायचं ठरलं.

बातमी कळली त्या सकाळी मावशी दारातच थांबल्या. "कुणी येत नाही म्हणे! मग आम्ही कोण, भुतं?"

राखणदारकाकांना वर बघवेना. ते तसेच कचेरीत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना घेऊन आले. ताई बाजूच्या दाराशी उभ्या राहिल्या. काठ्या आल्या, बाबागाड्या आल्या, बसची आरोळी आली. ताईंचा चेहरा उतरत गेला.

"काका, त्या दिवशी का नाही बोललात?"

"नियम मोडला होता, ताई. नोकरी जाईल असं वाटलं."

"आणि मी सकाळी यायला हवं होतं," ताई हळूच म्हणाल्या. त्यांनी वरपर्यंत धावपळ केली, पण सह्या होऊन गेल्या होत्या.

आता कुंपण नाही, बाजूचं दार नाही, उतारही नाही. सपाट काळ्या जमिनीच्या कडेला मी एकटी उभी आहे. मी खोटं बोलले नाही, मित्रांनो. तरीही साहेबांचं ते कौतुक आठवलं की अंगावरचा गंजही पुरेसा वाटत नाही तोंड लपवायला. म्हणून एवढंच मागते. आवडत्या जागी जाता, तर तिची विचारपूस करा, तिथल्या गंजल्या सांध्यांना तेल घाला. आणि उद्या मोजायचं काम तुमच्याकडे आलं, तर बाजूच्या दाराशीही थोडा वेळ उभे राहा.

परवा ती खुर्ची पुन्हा दिसली. आरोळी नव्हती. ड्रायव्हरकाकांनी हातानेच खूण केली आणि मावशींनी त्यांना माझ्याजवळ आणलं. पलीकडे नुसत्या गाड्या उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ जोर लावून माझा दांडा ढकलला. मी कुरकुरत पाव वळण घेतलं.

"घे," ते म्हणाले, "आता तरी मोज."

मी मोजलं.