पूजलेला लॅपटॉप

त्या सकाळी नरहरने बटण दाबलं, तर त्याचा लॅपटॉप नुसता बीप बीप करत राहिला. पडदा काळाच. नरहरने तो बंद केला, नमस्कार केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. काशीत नमस्काराने बरीच कामं होतात हा त्याचा अनुभव. या कामाला तो लागू पडला नाही.

आत त्याचा शब्दसंग्रह होता. नरहर मूळचा वाईचा. बँकेच्या नोकरीत काशीला आला, काशीतल्याच दूधविनायक मोहल्ल्यात जन्मलेल्या पद्मावहिनींशी लग्न केलं आणि इथलाच झाला. निवृत्तीनंतर त्याला नाद लागला, काशीतल्या मराठी घरांमधलं हिंदीत भिजलेलं मराठी टिपायचं. दूधविनायकापासून बालाजी घाटापर्यंत त्याने एकही म्हातारी सोडली नाही. कोणी नातू रुसला म्हणायच्या ऐवजी ‘नातू रिसावलाय’ म्हटलं की हा अर्धा चहा टाकून घरी पळायचा टाइप करायला. म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, त्यांचे शब्द लॅपटॉपमध्ये राहिले. पुतण्या सुश्रुत पुण्याहून दर फोनला सांगायचा, काका, एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. नरहर म्हणायचा, अरे, काशीत काही नष्ट होत नाही.

गोदौलियाच्या बाजारातल्या दुकानदाराने लॅपटॉपला हातही न लावता मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि नवे लॅपटॉप दाखवायला घेतले. नरहर घरी आला. ‘गेला,’ एवढंच वहिनींना म्हणाला. जेवला नाही. लॅपटॉपसमोर बसून राहिला. ते बसणं मणिकर्णिकेवर चितेसमोर बसलेल्या माणसांसारखं होतं, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

वहिनी शेजारच्या पाध्यांकडे गणपतीच्या आरतीला गेल्या आणि इकडे सुश्रुतचा फोन आला. बीपचा आवाज ऐकून तो हसलाच. ही रॅमची तक्रार आहे म्हणाला. तुमचे शब्द हार्ड डिस्कमध्ये सुखरूप आहेत. बॅटरी काढा, मागचं झाकण उघडा. रॅमच्या दोन बारक्या पट्ट्या दिसतील, बाजूच्या क्लिपा ओढल्या की वर येतील. त्यांची सोनेरी कड पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा आणि एकेक लावून बघा. एकीवर चालू झाला आणि दुसरीवर नाही, तर दुसरी खराब.

नरहरने लॅपटॉप वर्तमानपत्रावर पालथा घातला आणि पट्ट्या काढल्या. खोडरबर मात्र मिळेना. जन्म बँकेत काढलेल्या माणसाच्या घरी खोडरबर नसतो. बँकेत चूक खोडत नाहीत, बाजूला सही करतात. तेव्हा पट्ट्या रुमालात गुंडाळून तो बाजारात निघाला. वाटेत मी भेटलो. त्याने रुमाल उघडून मला पट्ट्या दाखवल्या, नातवंडाचा फोटो दाखवावा तशा. खोडरबर घेतला, वर चहा झाला. इतका खुशीत मी त्याला फार दिवसांत पाहिला नव्हता. लॅपटॉप सुरू झाला की संग्रहाची पहिली प्रत पद्माच्या हातात देणार, म्हणाला.

आम्ही दोघं घरी आलो तेव्हा टेबलावर नुसतं वर्तमानपत्र होतं.

‘अगं, लॅपटॉप कुठाय?’

‘पोचवला,’ वहिनी म्हणाल्या. डोळे लाल होते. ‘पाध्यांच्या गणपतीबरोबर. झाकणावर दहीभात ठेवला होता. नीट गेला हो.’

त्या दिवशी अनंत चतुर्दशी. गंगेत विसर्जनाला बंदी आहे, म्हणून लोक घरचा गणपती तेवढा हळूच सोडतात. वहिनी घरी आल्या तर लॅपटॉप पोट उघडून पालथा पडलेला, आतले अवयव गायब. त्यांनी पाहिलं आणि समजून चुकल्या. दर दसऱ्याला त्याला गंध-अक्षता वाहिलेल्या. भंगलेली पूजलेली वस्तू घरात ठेवत नाहीत आणि कबाड्यालाही देत नाहीत, गंगेत सोडतात. हे त्यांना नरहरनेच शिकवलं होतं. गेल्या वर्षी जुना मिक्सर कबाड्याला दिला, तेव्हा तो आठवडाभर त्यांना बोलत होता.

बालाजी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत पुराचं पाणी होतं. शोधायला जाण्यात अर्थ नव्हता.

नरहर रागावला नाही. रागवायला नियम त्याचाच होता. तो खुर्चीत बसला, रुमाल उघडला आणि दोन्ही पट्ट्या खोडरबराने हलकेच घासल्या, सांगितल्याप्रमाणे. सुश्रुतचा फोन आला, काका, कोणती खराब निघाली?

‘दोन्ही चांगल्या आहेत,’ नरहर म्हणाला आणि फोन ठेवला.

पूर ओसरला तेव्हा घाटावर हा एवढा गाळ साचला होता. माणसं मोठ्या नळीने तो पुन्हा गंगेत ढकलत होती. नरहर रोज जाऊन उभा राहायचा. गाळातून चपला निघाल्या, एक पितळी तांब्या निघाला. मग तो जायचा थांबला.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. तो म्हणाला, पुन्हा सुरुवात करावी म्हणतो. पण विचारायचं कुणाला? मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. एवढ्या वर्षांत दोन खोल्यांपलीकडे जाऊन विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

वहिनी दूध तापवत होत्या. त्याने दारातूनच विचारलं, ‘पद्मा, तुझी आई बोलायची ते शब्द सांगशील? तुमच्या घरचे.’

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. पातेल्याकडे बघत.

‘दूध उबाळ, म्हणायची,’ त्या म्हणाल्या. ‘पुढचं नाही हो आठवत. नवी नवी होते तेव्हा मी म्हटलं की तुम्ही सांगायचात, उबाळ नाही, तापव म्हणावं. मग सुटलंच ते.’

नरहर खाली मान घालून उभा राहिला. लिहायला हातात काही नव्हतं, म्हणून त्याने तो एक शब्द दोनदा म्हणून पाहिला.