टाकीले दिलेलं आवतण

गोबरगॅसच्या टाकीला शेण लागतं, एवढी साधी गोष्ट अनुदान मंजूर करणाऱ्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नाही. गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडचं. लम्पीच्या साथीत इथली पस्तीस ढोरं पंधरवड्यात आडवी झाली. उरलेल्यांना लोकांनी भीतीनं बाजार दाखवला. आता गावात बैलांच्या पाच जोड्या आणि अकरा ट्रॅक्टर. अशा गावाला सरकारनं गॅसची टाकी दिली, वर गाड्यांत गॅस भरायचा पंप दिला, आणि रोज दोन टन शेण गृहीत धरलं. येत होत्या अठरा टोपल्या.

त्या टोपल्या कालवून टाकीत सोडायचं काम कौशल्याबाईचं. एकटी बाई. तिचेही दोन बैल साथीत गेले होते, चांद्या आणि मुंगा. टाकी चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष नारायणराव यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: पोळ्याच्या दिवशी दुपारी अनुदानवाले साहेब पाहणीला येतील. पंपावर ज्योत पेटली तर अनुदानाचा पुढचा हप्ता आणि तुझी नोकरी पक्की. नाही पेटली तर टाकीला कुलूप, आणि तू घरी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी टाकीवरचा रबरी फुगा रिकाम्या पोत्यासारखा लोळत होता. गावात खांदमळणी चालली होती. वर्षभर जू ओढून सोललेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तूप-हळद चोळायची आणि कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. कौशल्याबाईच्या दारात दोन वर्षं कोणाचा खांदा मळला गेला नव्हता. वाटीत हळद-तूप कालवून ती टाकीवर आली ती निव्वळ थट्टेत. पोटाला देतो तोच आपला बैल, असं पुटपुटत तिनं फुग्यावर हात फिरवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

हाताखाली रबर थरथरलं. पाठीवर माशी बसली की बैलाचं कातडं थरथरतं तसं.

तिनं हात ओढून घेतला. आपण कुठं उभ्या आहोत हे तिला तेव्हा उमगलं. टाकीला बिनभांडणाची जागा हवी होती आणि तशी ई-क्लासची सरकारी जमीन गावात एकच होती. मीठ-चुना टाकून पस्तीस ढोरं पुरली होती ती. कागदावर तिचं नाव 'पडीक'. टाकी नेमकी त्या खड्ड्यावर बसली होती. आवतण दारातल्या बैलाला देतात. मातीखालच्याला कोणी देत नाही.

सकाळी सणामुळे एक टोपलीही शेण आलं नाही. आणि फुगा गच्च भरलेला. गॅसच्या दाबाचा काटा चढायचा, थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. कौशल्याबाई पायरीवर बसून बघत राहिली. तो श्वास होता. टाकीच्या आतून रवंथाचा आवाज येत होता, सावकाश, पुष्कळ तोंडांचा.

नारायणराव नवा फेटा बांधून आले. काटा बघून त्यांचे डोळे लकाकले. "काय टाकलं वं हिच्यात?"

"काहीच नाही."

"मंग उपाशीपोटी ढेकर देऊन राह्यली का टाकी? सायबाले दोन टन सांगजो."

"भाऊ, जरा कान लावून पाहा."

"मले कीर्तन ऐकाले टाइम नाही, माय. सण आहे."

साहेब दोनला आले. पंपाशेजारच्या नळीवर ज्योत पेटली, हातभर उंच, निळी. साहेबांनी तळवा जवळ नेला. आच नव्हतीच. ओलसर ऊब होती, पहाटे गोठ्यात शिरल्यावर तोंडावर येते तशी.

"हा वास कसला येतोय?"

"प्रगतीचा, सायेब," नारायणराव म्हणाले.

साहेबांनी कौशल्याबाईपुढं कागद धरला. 'दररोज दोन टन शेण भरले.' खाली सहीची जागा. तिनं पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सायेब, आज पाटीभरही शेण नाही घातलं. खाली लम्पीची ढोरं पुरली आहेत. हा गॅस त्याइचा आहे."

तिला वाटलं, माणूस घाबरेल. साहेबांनी फायलीचं पान उलटलं.

"असे खड्डे इतर गावांतही असतील ना?"

"आपल्या मोताळा तालुक्यातच पन्नास काढून देतो," नारायणराव म्हणाले.

"मग पुढच्या प्रस्तावात घेऊ. इथं दुसरी टाकी बसेल?"

"खोल खंदली तं बसते."

ही ढोरं जिवंत होती तेव्हा लस मागायला कौशल्याबाई तीन वेळा जनावरांच्या दवाखान्यात चालत गेली होती. लस आली ती खड्डा बुजवल्यावर. आता त्याच ढोरांना मेल्यावर पुन्हा जुंपायचं होतं, आणि तालुकाभर. तिनं पेन साहेबांच्या फायलीवर ठेवलं.

"मी नाही करत सही."

"उद्यापासून येऊ नको मंग," नारायणराव हळूच म्हणाले. "अन् उपाशी मरशीन तं माह्या दारात नको मरू."

"नाही येत."

ती टाकीजवळ गेली. फुग्यावर तळवा ठेवून म्हणाली, "चला रे. घरी चला." आणि चालू लागली.

फाटकाबाहेर पडते तोच मागे ज्योत विझली. साहेबांचा मोबाइल अजून हातातच होता. जागेची खूण असलेला फोटो निघाला नव्हता, आणि फोटो नाही म्हणजे सरकारच्या लेखी ज्योत पेटलीच नाही. नारायणराव कोणाला तरी पंप दाबायला सांगत होते. फुगा खाली बसल्याचा लांबलचक सुस्कारा तिला ऐकू आला.

तिनं मागं पाहिलं नाही. कोरड्या वाटेवर तिच्या पावलांमागे खुरं वाजत होती. चांद्या डावा पाय ओढायचा, ते पाऊल तिनं ओळखलं. पण पावलं दोघांचीच नव्हती. आवतण देताना तिनं कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

घरात एका माणसापुरतं पुरण होतं. शेजारी रेणुका उंबऱ्यात बसून तोरण ओवत होती. कौशल्याबाई तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"रेणुके, कणीक आहे का जराशीक?"

"आहे ना काकू. किती जण आहेत जेवाले?"

रेणुकानं मान वर केली, तिच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडं पाहिलं. हातातलं तोरण तिथंच टाकून ती आत गेली आणि कणकेचा आख्खा डबा उचलून घेऊन आली.