शोकपत्रिकेतलं एक नाव

गोमार मंगळवारी सकाळी गेला. गाईंचं दूध काढून झालं होतं, कॅन धुवायला ठेवले होते, आणि तो गोठ्याच्या उंबऱ्यावर जरा टेकला तो टेकलाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, हृदयच असणार, बाकी काही त्या माणसाने कधी फारसं वापरलं नाही. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईने कसं रडावं हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

त्याला पहिल्यांदा बघितलं ते सेव्हरिनने. मी धावत पोचले तेव्हा तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, गोमारचं डोकं मांडीवर, आणि टोपीने त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत होता. त्याने मला एवढंच सांगितलं की घाई करू नका, आता घाईचं काही उरलं नाही.

सेव्हरिन आमचा बोर्डर. आमच्या या गेल गावात 'वेडा' म्हणत नाहीत, 'पेशंट' तर त्याहून नाही. ज्यांचं मन वाट सोडून भरकटतं ती माणसं इथे घराघरांत बोर्डर म्हणून राहतात, अशांची कैवारी संत दिम्फ्ना हिच्या पुण्याईने शेकडो वर्षं राहत आली आहेत. जे आम्ही खातो ते खातात, जे काम जमेल ते करतात. सेव्हरिन आला तो त्रेपन्न साली, बावीस वर्षांचा, हातात पुठ्ठ्याची पेटी. अंगणातल्या पंपाशी उभा राहून तो तासन्‌तास वाद घालायचा. पहिल्या वर्षी पंप जिंकायचा. पुढे पुढे सेव्हरिन. बटाट्याची साल तो इतकी पातळ काढतो की पलीकडचं दिसावं, आणि वासरू आडवं आलं तर गाय त्याचं ऐकते, माझं नाही.

सासूबाईंनी मला तेव्हाच एक गोष्ट बजावली होती. बोर्डरचं नाव कागदावर लिहायचं नाही आणि बाहेरच्या माणसासमोर आडनाव घ्यायचं नाही. बाहेरचे लोक हसतात. त्यात सेव्हरिनची बहीण तिकडे समुद्रकाठच्या शहरात मोठ्या दुकानाची मालकीण. तिने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की भाऊ आफ्रिकेत मिशनऱ्यांबरोबर आहे. पहिल्या वर्षी तिचं एक पत्र आलं, कृपा करून बोभाटा करू नका म्हणून. मी केला नाही. चौतीस वर्षं 'आमचा सेव्हरिन' यापलीकडे मी कुणाला अक्षर सांगितलं नाही, आणि याचा मला अभिमान होता. माझ्यासारखी तोंडाळ बाई एक गुपित सांभाळते म्हणजे थोडं नव्हे.

बुधवारी सकाळी माझा मोठा मुलगा फोन्स स्वयंपाकघरात टेबलाशी कागद घेऊन बसला. शोकपत्रिका दुपारच्या आत छापखान्यात द्यायची होती, तरच शनिवारच्या अंत्यविधीच्या मिस्साआधी सगळीकडे पोचणार. आमच्याकडे त्या पत्रिकेत घरातल्या प्रत्येकाचं नाव असतं, नात्याच्या क्रमाने. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर त्याच क्रमाने बसायचं आणि अर्पणाच्या वेळी त्याच क्रमाने उठून पुढे जायचं. कोण कुणाच्या आधी यावरून या गावात भावंडांची बोलणी बंद झाली आहेत.

फोन्सने मोठ्याने वाचलं. मी, गोमारची बायको. मग फोन्स आणि त्याची बायको, मग माझी लिआ आणि तिचा नवरा, मग सहा नातवंडं, मग गोमारच्या बहिणी, भाचे, भाच्या, मेलेले मेहुणेसुद्धा नावापुढे क्रॉस लावून. सेव्हरिन खिडकीशी उभा राहून गोमारचा काळा कोट ब्रश करत होता. तो त्याच्या मापाचा करून शनिवारी त्यानेच घालायचा असं मी ठरवलं होतं. नावं वाचली जात होती तसा त्याचा ब्रश हळू होत गेला. शेवटचं नाव झालं. फोन्सने कागदाची घडी घातली. सेव्हरिन अजून वाट बघत होता.

मग त्याने विचारलं, "मी कुठे आहे?"

फोन्सने समजावलं. माझा मुलगा वाईट नाही, सेव्हरिनच्याच खांद्यावर बसून तो लहानाचा मोठा झाला आहे. म्हणाला, यात फक्त नात्यातली माणसं येतात, आणि शिवाय तुझ्या बहिणीचं तुला माहीतच आहे. सेव्हरिनने मान हलवली. कोट खुंटीला लावला, ब्रश जागेवर ठेवला आणि मला म्हणाला की शनिवारी तो गोठ्यात थांबेल, गाईंजवळ कुणीतरी लागतंच.

मी म्हटलं, रुसून बसायला तू काय पाहुणा आहेस का? तो म्हणाला, रुसलो नाही. आणि खरंच रुसला नव्हता. रुसलेल्या माणसाला मी दोन वाक्यांत सरळ करते. याला काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून मी भांडी आपटली.

फोन्स कागद घेऊन छापखान्यात गेला. दुपारी फादर आले, मिस्साचं ठरवायला. कोणतं गीत, कोणतं वाचन, शवपेटी कोण उचलणार. मी त्यांना सेव्हरिनचं गाऱ्हाणं सांगितलं. चौतीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं तो माणूस मालकाच्या मिस्साला येत नाही म्हणतो, बघा. मला वाटलं फादर माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी कॉफी ढवळली आणि विचारलं, "त्याचं आडनाव काय हो, ओडाबाई? अकरा वर्षं मी त्याला चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद देतोय, मला ठाऊक नाही."

मी सांगायला तोंड उघडलं.

मला आठवेना. चौतीस वर्षं जपून ठेवलेलं ते आडनाव कपाटात शोधावं तर तिथे काहीच नव्हतं. फादरनी कॉफी संपवली. प्रवचन दिलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. त्यांनी केकचा तुकडा खाल्ला, केक चांगला झालाय म्हणाले आणि गेले.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण धर्मशिक्षणाचा पहिला धडा मला पाठ होता, की देवाने माणूस आपल्या रूपाचा घडवला, एकेकाला, गठ्ठ्याने नाही. म्हणून तर बाप्तिस्म्याला पाणी घालायच्या आधी फादर विचारतात, नाव काय ठेवलं? त्या दुपारी मला कळलं की मी या माणसाला सूप दिलं, उबदार बिछाना दिला, तापात रात्रभर उशाशी बसले, आणि त्याच्या आईबापाने दिलेली एक वस्तू हळूच काढून घेतली. जपण्यासाठी काढली, हे खरं. पण परत द्यायची राहिली, हेही खरं.

मी गोठ्यात गेले. सेव्हरिन गव्हाणीत गवत टाकत होता. मला माफी मागायची सवय नाही, गोमार असता तर त्याने साक्ष दिली असती. मी उभ्या उभ्या विचारलं, "तुझं पूर्ण नाव सांग."

त्याने फावडं टेकवलं. "सेव्हरिन योझेफ मारिया स्टालेन्स."

"इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी म्हटलं, तुझ्या बहिणीमुळे. तिने हात जोडून लिहिलं होतं, मी तिचा शब्द कसा मोडू? तो थोडा वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं जे पंपाशी बोलताना कधीच दिसत नाही, एकदम स्वच्छ असं काहीतरी.

"ती म्हणते मी आफ्रिकेत आहे," तो म्हणाला. "म्हणू दे. पण ओडाबाई, मी आफ्रिकेत नाही. मी इथे आहे. गोमारचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

मी परत घरात आले आणि रुमालाने नव्हे, भांडी पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं, तेच हाताशी होतं.

गुरुवारी सकाळी छापखान्यातून गठ्ठा आला. एकशे ऐंशी पत्रिका, काळी किनार, नावं सगळी बरोबर, आणि सेव्हरिन नाही. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी टेबलावरचं मेणकापड पुसलं, शाईची दौत आणि टाक आणवला आणि सेव्हरिनला हाक मारली. फोन्स म्हणाला, आई, छापील कागदावर हाताने लिहिलेलं म्हणजे ठिगळ दिसेल. मी म्हटलं, ठिगळ लावतात ते कापड अजून अंगावर घालायचं असतं म्हणूनच लावतात.

"आणि त्याची बहीण? ती उद्या दारात येऊन उभी राहील."

"येऊ दे. लाज तिची आहे, नाव याचं आहे. तिच्या लाजेसाठी मी चौतीस वर्षं याचं नाव झाकून ठेवलं, आता पुरे."

फोन्सने टिपकागद जवळ ओढला. मग एक अडचण निघाली, आणि ती त्यानेच काढली, पण या वेळी वाद घालायला नव्हे. प्रत्येकाच्या नावापुढे नातं असतं. सेव्हरिन कोण? मुलगा नाही, भाऊ नाही. बोर्डर लिहावं? मी सेव्हरिनकडे बघितलं. याआधी मी असं कधी केलं नव्हतं, त्याच्याबद्दलचं काही ठरवताना त्याच्याकडे बघणं. त्याच्या सदऱ्याचा रंगसुद्धा मीच ठरवायची.

त्याने बराच विचार केला. कॉफी गार झाली तरी मी बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी सोपं नव्हतं.

"लिहितो," तो म्हणाला. "सेव्हरिन स्टालेन्स, त्याच्या घरचा."

आणि त्याने लिहिलं. आम्ही तिघेही बघत राहिलो. मी, फोन्स आणि मदतीला आलेली लिआ. असं अक्षर मी फक्त जुन्या प्रार्थनापुस्तकात बघितलं होतं. लिआने विचारलं तेव्हा कळलं की आजारी पडण्याआधी तो खेड्यातल्या शाळेचा मास्तर व्हायला शिकत होता. शेवटचं वर्ष राहिलं होतं. चौतीस वर्षं माझ्या घरात एक मास्तर बटाटे सोलत होता, आणि मी दुकानाची यादी वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतः लिहीत होते.

त्याने एकशे ऐंशी वेळा लिहिलं. एकदाही घाई केली नाही. फोन्स टिपकागदाने शाई टिपायचा, लिआ घडी घालायची, मी पाकिटं चिकटवायची. मधूनच सेव्हरिन थांबायचा, मान कलती करून कुणाचंतरी ऐकायचा, "आत्ता नाही" म्हणायचा आणि पुढची पत्रिका ओढायचा. फोन्सला एकदा हसू आलं. म्हणाला, त्यांना सांग, त्यांनाही एक पाठवू. सेव्हरिनही हसला. गोमार गेल्यापासून त्या घरात तेवढं एक हसू.

शेवटची पत्रिका त्याने बाजूला घेतली. तिच्या पाकिटावर बहिणीचा पत्ता त्याने स्वतः लिहिला. त्याला तो पाठ होता. मी तेही टपालाच्या गठ्ठ्यात ठेवलं.

शनिवारी त्याने काळा कोट घातला. नातवंडांच्या मागे, गोमारच्या बहिणींच्या पुढे बसला. ती जागा त्याला लिआने दिली, आणि गोमारच्या बहिणींनी नाकं मुरडली, पण त्या मी कॉफीला बोलावलं तरी मुरडतात. अर्पणाच्या वेळी आम्ही ओळीने पुढे गेलो. ब्रसेल्सहून आलेल्या एका चुलत जावेने त्याला वाटेतच हलक्या आवाजात विचारलं की आपण कोण. मी मागे वळले, सवयीने, त्याच्या वतीने सांगायला. तोपर्यंत त्याचं पूर्ण नाव सांगून झालं होतं, योझेफ मारियासकट.

मी पुढे गेले. वेदीसमोर मी गोमारसाठी प्रार्थना करायची ती विसरले आणि नुसते आभार मानत राहिले. गोमारला मरताना उबदार मांडी मिळाली म्हणून. माझं तोंड एकदाचं बंद करणारे फादर मिळाले म्हणून. आणि या माणसाने माझ्यासारख्या बाईवर राग न धरता नाव दुसऱ्यांदा सांगितलं म्हणून. लोक मला नेहमी म्हणत आले की ओडाबाई, तुम्ही त्याला घर दिलंत. मी ते ऐकून मान ताठ करायची. त्या दिवशी मला वाटलं, घर तर आमचं आधीपासून होतंच. माणूस त्याने दिला.

पुढच्या मंगळवारी टपालवाला सायकल टेकवून दारात उभा राहिला. सांत्वनाची पत्रं आली होती, माझ्या नावाची एक चवड, आणि वेगळी बांधलेली सात. बेकरीवाल्याची विधवा, शेजारचे दोन, दूध संघातले, असे आपलेच लोक. बहिणीचं त्यात नव्हतं. अजूनही आलेलं नाही. टपालवाल्याने ती सात पाकिटं चष्मा वर करून वाचली आणि मला विचारलं की इथे श्रीयुत स्टालेन्स कोण राहतात, चौदा वर्षं या रस्त्याला टपाल टाकतोय, हे नाव पहिल्यांदाच बघतोय. मी हात पुढे केला नाही.

"गोठ्यात आहेत ते," मी म्हटलं. "हाक मारा."

त्याने हाक मारली. आणि मी आत जाऊन कॉफीचं पाणी ठेवलं, म्हणजे सेव्हरिन ती पत्रं बसून, सावकाश वाचू शकेल.